परत आलेली चादर

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभूच्या बलिदानाची आठवण म्हणून वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर आमच्या घरून जाते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई पावाच्या कडा काढून त्याचे बारीक तुकडे करते, आदल्या दिवशी भिजत घातलेल्या काळ्या मनुका उकळून त्यांचे गडद पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळते, आणि मी ते सगळे झाकून देवळात नेऊन ठेवते. आमच्याकडचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात, मीही तसेच म्हणते. त्या एका वर्षी मात्र हे ताट नेताना माझे पाय जड होत. कारण तेच ताट बाकांवरून फिरत फिरत पुरुषांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर पोहोचे, आणि बाबा त्यातले काहीही न घेता ते शेजाऱ्याच्या हाती देत. एकेकाळी ते पहिल्या बाकावर बसत. मी बायकांच्या बाजूला बसून, मान वळवायची नाही असे ठरवून, दर वेळी वळवत असे.

बाबा सोलापुरातल्या एका गिरणीत फिटर आहेत. रंगखात्यातल्या वाफेच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह त्यांच्याकडे असत. त्याच खात्यात शिवाप्पाकाका रंगाच्या टाक्यांवर होते. काका लिंगायत, घरी कानडी बोलणारे, आम्ही ख्रिस्ती. पण दोघांची मैत्री अशी होती की दुपारच्या सुट्टीत दोघे मिळून एकाच चादरीवर पडत. ती चादर काकांची होती, लाल आणि निळ्या चौकड्यांची, वापरून वापरून मऊ झालेली. नाताळात काका आमच्याकडे करंज्या खायला येत, आणि गड्ड्याच्या यात्रेत काकांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी रोषणाई पाहिली आहे.

दुष्काळ सरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात रंगखात्यात वाफेची नळी फुटली. बाबा नळीच्या अगदी खाली होते. शिवाप्पाकाकांनी ती चादर पाण्याच्या हौदात बुचकळली, बाबांच्या अंगावर डोक्यापासून टाकली, त्यांना दाराबाहेर ढकलले आणि स्वतः व्हॉल्व्ह बंद करायला आत गेले. व्हॉल्व्ह बंद झाला. आत आणखी माणसे होती, ती वाचली. बाबांच्या उजव्या मनगटावर एक डाग राहिला, तेवढाच. शिवाप्पाकाका सिव्हिल हॉस्पिटलात शेवटपर्यंत शुद्धीवर होते आणि तिथेच गेले.

चौकशीत नळी जुनी होती एवढेच ठरले. बाबांवर कोणी बोट ठेवले नाही. पण पुढे काही दिवसांनी आमचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, तेव्हा बाबांनी पुढच्या खोलीत आईच्या आणि माझ्या देखत सांगून टाकले. नळीचा जोड आदल्या दिवसापासून वाफ टाकत होता. शिवाप्पाकाकांनी तो दाखवलाही होता. बाबांनी त्याला सुताच्या चिंध्या गुंडाळल्या आणि उद्या बघू म्हणाले. नवी पेठेत आईला साडी घ्यायची म्हणून त्यांना लवकर सुटायचे होते.

पाळकसाहेबांनी हातातले बायबल मिटले. मग म्हणाले, "तुम्ही देवापुढे कबूल केलंत ना? मग प्रभूनं त्याची शिक्षा स्वतःवर घेतली आहे. तुम्ही मोकळे आहात."

बाबा म्हणाले, "साहेब, देवानं केली असेल क्षमा. मला त्याची बायको रोज नळावर दिसते." लगेच पुढे म्हणाले, "आणि मला असं फुकटात सुटायचं नाही. मी फुकटात सुटलो तर त्याचं जाणं फुकट गेलं."

त्या दिवसापासून बाबांनी स्वतःला शिक्षा द्यायला सुरुवात केली. ते गादीवर झोपेनासे झाले. सकाळ-संध्याकाळ कोरडी भाकरी आणि पाणी, बाकी काही नाही. आईने भाजी वाढली तर ताट सरकवत. चपला सोडल्या. रोज पहाटे सार्वजनिक नळावर रांगेत उभे राहून शिवाप्पाकाकांच्या घरासाठी घागर भरत, गंगव्वाकाकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या दारात ठेवत आणि दार उघडायच्या आत तिथून निघून येत. काकूंनी एकदोनदा मागून हाक मारली, तर बाबा पळाले असे शेजारच्या बायका सांगत. हसत सांगत, पण मला ते ऐकवत नसे. वर्ष सरत आले तेव्हा बाबांचे शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे दिसू लागले. मिशनच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिले आणि आईला बाजूला घेऊन म्हणाले, "यांच्या अंगात रक्तच नाही. यांना जेवायला लावा. असंच चाललं तर हा उन्हाळा निघणं अवघड आहे." आईने तेही बाबांना सांगितले. बाबा नुसते हो म्हणाले, जसे कोणी उद्या पाणी येणार नाही म्हटल्यावर म्हणावे.

आता माझ्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे, जरी मला ते आवडत नाही. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. तिथे धर्मशिक्षणाच्या तासाला पाप, बलिदान आणि तारण यांची प्रश्नोत्तरे मी न अडखळता म्हणत असे, आणि त्यासाठी मला बक्षीसही मिळाले होते. निर्दोषाने दोषीची जागा घेतली, त्याच्या रक्ताने आपले पाप झाकले गेले, आपण मुक्त झालो. उत्तर पाठ होते, पण ते माझ्या कोणत्याही गोष्टीला लागत नव्हते. पुढे कॉलेजात असताना मला त्याची भीतीही वाटू लागली. ज्याने काही केले नाही त्याने का मरायचे, आणि तो मेल्याने दुसरा चांगला कसा होतो? हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. मी कोणालाच काही विचारत नसे. आणि मग तेच सगळे आमच्या घरात घडले. एक निर्दोष माणूस एका दोषी माणसाच्या जागी मेला. मी रोज त्या वाचलेल्या माणसाकडे बघत होते, आणि तो मला वाचलेला दिसत नव्हता. एकाच्या जागी दुसरा मेला, आणि शेवटी दोघेही चालले होते. देवळात सगळे वधस्तंभाची गाणी म्हणत तेव्हा मी ओठ हलवत असे, पण आवाज काढत नसे.

अशात उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी तीन तासांची भक्ती असते. प्रभूने वधस्तंभावर उच्चारलेल्या सात वचनांवर सात जण बोलतात. त्या वर्षी पाळकसाहेबांनी एक वचन तरुणांकडे द्यायचे ठरवले आणि मला न विचारता माझे नाव सांगून टाकले. सहावे वचन, ज्यात प्रभू म्हणतो की सारे काही पूर्ण झाले आहे. नाही म्हणण्याइतकेही धैर्य माझ्यात नव्हते. मी आधी इंग्रजीत लिहिले, मग त्याचे मराठी केले. ते वाचून आई म्हणाली, "छान आहे. म्हणजे काय ते कळलं नाही, पण छान आहे."

आदल्या संध्याकाळी, गुरुवारच्या प्रभुभोजनात, ताट पुन्हा बाबांच्या हातून पुढे गेले. घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून शिवाप्पाकाकांची चादर काढली. अपघातानंतर ती त्यांच्यापाशीच राहिली होती. ती त्यांनी कधी अंगावर घेतली नव्हती, कोणाला हात लावू दिला नव्हता. ते ती घेऊन बाहेर गेले आणि रिकाम्या हाताने परतले. कुठे ठेवली असे आईने विचारले, तर म्हणाले, "ज्याची त्याला."

शुक्रवारी सकाळी आई मेजावर काळे कापड घालायला लवकर देवळात गेली, बाबाही गेले. मी कागद हातात घेऊन खोलीत येरझारा घालत होते आणि मला ताप यावा अशी प्रार्थना करत होते. वर्षभरात मी मनापासून केलेली ती एकच प्रार्थना असेल. तेवढ्यात दार वाजले. दारात गंगव्वाकाकू उभ्या होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, चेहरा उन्हाने आणि रागाने लाल, आणि काखेत ती चादर.

"तुजा बा कुटं हाय?"

"देवळात गेलेत, काकू. आत या ना."

"आत याया आले न्हाय मी. ही चादर माज्या दारात कुणी ठिवली? उंबऱ्यावर घडी करून. धुऊन, इस्तरी मारून."

"बाबांनीच ठेवली असणार."

"मला वाटलंच." त्यांनी चादर माझ्यापुढे धरली. "मग तुजा बा माज्या घराशी सोयरीक तोडतोय का, येवडं मला सांग. आहेर परत करत्यात का, पोरी?"

हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. आमच्या भागात, लिंगायत असोत, मराठे असोत की आम्ही, कोणी मानाने दिलेले वस्त्र परत पाठवले की नाते संपले असे समजतात. शिवी दिलेली एक वेळ लोक विसरतात, परत आलेला आहेर विसरत नाहीत. मी म्हटले, "काकू, त्यांना तसं म्हणायचं नसेल. ती काकांची आठवण, तुमची वस्तू, म्हणून दिली असेल."

"माजी कशी? त्यांनी जाता जाता तुज्या बाच्या अंगावर घातली ती. माणूस जिवावर उदार होऊन पांगरून गेला, त्याच्यापरास मोटा आहेर कुटला असतो? आन् ह्यो बाबा ती घडी करून परत देतोय. जसं काय बाजारातनं उसनी आणलेली."

मी दारातच उभी राहिले. माझ्या हातात माझा कागद होता आणि त्यावरचे एकही वाक्य मला दिसत नव्हते. वर्षभर मी ज्याला बाबांचे प्रायश्चित्त समजत होते, ते प्रायश्चित्त नव्हतेच. ते दान नाकारणे होते. आणि मीही दुसरे काय करत होते? मला जे दिले गेले होते ते मला समजत नाही, म्हणून मी ते घडी घालून, इस्त्री करून, उत्तरासारखे पाठ करून परत ठेवत होते.

"चला काकू," मी म्हटले. "आपण त्यांच्याकडेच जाऊ."

आम्ही सात रस्त्याच्या बाजूने निघालो. डांबर मऊ झाले होते. रिक्षावाले सावलीत पाय वर करून झोपले होते. मी चालता चालता कागदावरची वाक्ये पुटपुटत होते.

"आजारी हायस का काय?"

"मला तिथे सगळ्यांसमोर बोलायचंय."

"इंग्लिशीत?"

"नाही, मराठीत."

"मग भितीस कशाला? मराठी तर यड्यालाबी येती." थोडे पुढे गेल्यावर त्यांचाच आवाज खाली आला. "मी आत बसले तर चालंल का गं तुमच्यात? न्हायतर दारात उबी ऱ्हाते. ही विभूती पुसाया लागती का?"

"काही पुसायला लागत नाही, काकू. माझ्याशेजारी बसा."

"बा मग," त्या म्हणाल्या. कानडीत "बा" म्हणजे "ये". जणू देवळात मी पाहुणी होते आणि त्या मला नेत होत्या.

देऊळ भरलेले होते. आम्ही पोचलो तेव्हा पहिले वचन चालू होते. काकू माझ्याशेजारी बाकाच्या टोकावर बसल्या, मांडीवर चादर, गळ्यातल्या लिंगावर एक हात. बाबा शेवटच्या बाकावर खाली मान घालून होते; त्यांनी आम्हाला पाहिले नाही. सहाव्या वचनाला माझे नाव पुकारले गेले. मी पुढे जाऊन कागद उलगडला, पहिली दोन वाक्ये वाचली आणि थांबले. बाबांची गोष्ट मला सांगता येत नव्हती, ती माझी नव्हती. पण कागदावरचेही मला वाचवेना. मी तो मिटला आणि जे म्हणाले ते जवळजवळ असे होते: "प्रभूने आपल्यासाठी सगळे पूर्ण केले. आपण करायचे असे त्याने काही मागे ठेवले नाही. आपण मात्र उपाशी राहून, अनवाणी चालून, पाठांतर करून त्याला रोज थोडे थोडे परत देत बसतो. त्याने जीव देऊन आपल्या अंगावर पांघरूण घातले आहे. आपण ते धुऊन, घडी करून त्याच्याच दारात ठेवून येतो. त्याला काय वाटत असेल?"

एवढेच बोलून मी जागेवर आले. सातही जणांत सर्वांत थोडे मी बोलले. नंतर एक आजी मला म्हणाल्या, "चांगलं बोललीस गं, मला काही ऐकू आलं नाही." पण बाबांना ऐकू गेले होते. बसताना मी मान वळवली. त्यांनी डोके वर केले होते, आणि त्यांना माझ्याशेजारची चादर दिसली होती.

भक्ती संपल्यावर लोक न बोलता बाहेर पडतात, त्या दिवसाची तशी रीत आहे. बाबा आवारातल्या कडुलिंबाखाली उभे होते. पळून जातील असे मला वाटले, पण ते थांबले. गंगव्वाकाकू सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आई आणि मी दोन पावले मागे.

"भावजी, वर बघा."

बाबांनी हात जोडले, पण वर बघितले नाही. "वैनी, तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. मी सांगायला हवी होती. तो जोड—"

"मला ठावं हाय."

"नाही वैनी, ऐका. जोड गळत होता. त्यानं मला दाखवला होता. मी चिंध्या गुंडाळल्या आणि घरी गेलो. माझ्यामुळे—"

"सांगितलं न्हवं, मला ठावं हाय. त्यांनीच सांगितलं, दवाखान्यात." काकूंनी काखेतली चादर दोन्ही हातांत घेतली. "अंगाला हात लावता येत न्हवता त्यांच्या. तरी मला जवळ बोलावलं आन् म्हणाले, गंगे, जोड त्याचा व्हता, पण उडी माजी मी मारली. मला कुणी ढकललं न्हाय. त्याला काय बोलू नगंस. त्याच्या पोरीला बाप ऱ्हाऊ दे."

बाबा खालीच बसले, लिंबाच्या बुंध्याशी. गंगव्वाकाकूही त्यांच्यासमोर मातीत बसल्या.

"मग तुम्ही मला आधी का नाही—" बाबा म्हणाले.

"राग व्हता मला. खोटं कशाला बोलू? त्यांनी सोडलं, मला सोडाया साल लागलं. नळावर तुमी दिसला की वाटायचं, ह्यो कसा जित्ता फिरतोय. मग रोज दारात घागर दिसाया लागली. मग तुमी वाळाया लागला. मग मला भ्या वाटाया लागलं की ह्यो माणूस मराया लागलाय. आन् काल ही चादर." त्यांनी चादर मोकळी केली. तिचा एक कोपरा वाफेने पांढरट झाला होता. "तुमी असं झिजून मेला तर त्यांनी मग कुणाला वाचवलं? सांगा की. वाफंच्या नळीला?"

आणि त्यांनी ती चादर, चैत्रातल्या भर दुपारी, बाबांच्या खांद्यावरून घातली आणि पुढून दोन्ही टोके ओढून घेतली, जशी आई लहान मुलाला गुंडाळते. बाबा रडले. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. आईही रडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही; माझ्या आत काहीतरी उभे राहात होते, आणि त्यासाठी मला ताठ उभे राहावे लागत होते. ते काय होते हे मला तेव्हाच कळले. मी लहानपणापासून म्हणत आलेले उत्तर होते ते, पहिल्यांदाच जिवंत. दोषीची जागा निर्दोषाने घेतली. त्याला कोणी ढकलले नव्हते. त्याला जोडाबद्दल सगळे माहीत होते, तरी तो गेला. दोष लपून राहिला म्हणून क्षमा मिळाली नाही. दोष पूर्ण ठाऊक असताना मिळाली.

उठताना काकू म्हणाल्या, "सोमवारी त्यांच्या वरसाचं जेवण हाय. त्यांच्या पाटावर तुमी बसायचं. आन् ते घागर ठिऊन चोरावानी पळणं बंद. आत यायचं, च्या प्यायचा, मग जायचं. पानी आमी आणतो की, हात हायत आमाला."

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उजाडायच्या सुमाराला आमच्या मंडळीची प्रभातफेरी निघते. पेटी गळ्यात अडकवलेली, टाळ, डफ, पुढे मुलांच्या हातात कागदी झेंडे. त्या दिवशी बाबा फेरीत सगळ्यांच्या पुढे होते. पायांत चपला, खांद्यावर ती चादर. त्यांचा आवाज चांगला नाही, आणि वर्षभर न गायल्याने तो आणखी बिघडला होता. पण ते इतक्या मोठ्याने गात होते की पेटीवाल्याने दोनदा सूर बदलून पाहिला आणि मग नाद सोडला. पहिल्या पाळीला निघालेले गिरणीतले लोक रस्त्याकडेला थांबले. त्यांतल्या एकाने ओरडून विचारले, "काय फिटरसाहेब, उन्हाळ्यात चादर? थंडी वाजतीया काय?"

बाबांनी गाणे मध्येच थांबवून उत्तर दिले, "वाजत होती. आता गेली."

गंगव्वाकाकूंच्या बोळावरून फेरी गेली तेव्हा त्या दारात तांब्या आणि गुळाचे खडे घेऊन उभ्या होत्या. ज्याने थांबून घेतले त्याला त्यांनी दिले. मी गात होते, हे मला त्यांच्यामुळे कळले. त्या म्हणाल्या, "आज बरी आवाज काढतीस."

मग देवळात प्रभुभोजन झाले. भाकर आईने चिरली होती, ताट मीच नेऊन ठेवले होते. बाबा पहिल्या बाकावर गेले नाहीत, आपल्या मागच्याच बाकावर बसले. ताट एकेका हातातून सरकत चालले. ह्या वेळी मान वळवायची की नाही हे मी ठरवलेच नाही, मी सरळ वळूनच बसले. ताट बाबांच्या हातात आले. मनगटावर डाग असलेला तो हात ताटावर थांबला. मग त्यांनी एक तुकडा उचलला. तो तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले, आणि ताट तसेच मांडीवर धरून राहिले, इतका वेळ की शेजारचे काका हळूच म्हणाले, "अहो, द्या की पुढे. आम्हालाही लागतं." देवळात, प्रभुभोजनात, कोणी हसत नाही. त्या दिवशी तीन बाक हसले, आणि पाळकसाहेबांनी ते ऐकूनही ऐकले नाही. माझ्याकडचा तुकडा मी घेतला तेव्हा मला कोणताही प्रश्न आठवला नाही. जे ताट मी महिनोन्‌महिने जड पायांनी उचलले होते, त्यातली ती भाकर मी भूक लागल्यासारखी खाल्ली. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा विजय मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो माझा नव्हता, बाबांचाही नव्हता.

सोमवारी बाबा शिवाप्पाकाकांच्या पाटावर बसले. शेजारी काकांचा हार घातलेला फोटो होता. काकूंनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या डाळीचे वरण वाढले. बाबांनी सगळे संपवले, आणि मग मान वर करून, गंगव्वाकाकूंच्या चेहऱ्याकडे सरळ बघून म्हणाले, "वैनी, अजून एक भाकरी वाढा." आईने तोंड पदरात लपवले. वर्षभर जो माणूस ताट सरकवत आला होता, तो मागून घेत होता.

या गोष्टीला आता काही काळ लोटला आहे. बाबांच्या अंगात रक्त आले, डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. मी शाळेत लहान मुलांना शिकवते, अजूनही फार बोलत नाही. मला लोक विचारतात की ह्यात चमत्कार कुठला, एक बाई चादर घेऊन आली, एवढेच ना. मी वाद घालत नाही. मला इतकेच माहीत आहे की माझ्या हातात सहाव्या वचनाचा कोरडा कागद असताना नेमक्या त्याच सकाळी दार वाजले, आणि जी बाई आमच्या देवळात कधी आली नव्हती, तिने मला माझाच विश्वास हातात आणून दिला. मी प्रभूला शरण जाणे म्हणजे त्याच्यासाठी काहीतरी मोठे करणे समजत होते. आता मी रोज सकाळी फक्त एवढे करते, की त्याने जे माझ्या अंगावर घातले आहे ते घट्ट ओढून घेते आणि त्याचे आभार मानते.

चादर आमच्याकडेच आहे. ट्रंकेत नाही. थंडीच्या दिवसांत बाबा ती पांघरून झोपतात.